सात वारांचे सात वस्तरे: एका फ्रेंच संचाच्या दुरुस्तीच्या नोंदी

३ नोव्हेंबर – पाहणी

ओकची पेटी, बाहेरून काळं चामडं, आत जांभळी मखमल आणि मखमलीत सात खाचा. फ्रान्समध्ये अशा संचाला ‘सेमेनिए’ म्हणतात. वाराला एक वस्तरा. आठवडाभर विश्रांती मिळाली की धार जास्त टिकते, अशी त्यामागची जुनी समजूत. पोलादाला विश्रांती लागत नाही. खरा फायदा एवढाच की झीज सात पात्यांत वाटली जाते आणि प्रत्येक पातं पुढच्या दाढीआधी पुरतं कोरडं होतं.

पाठीवर वार कोरलेले आहेत, लंदीपासून दिमांशपर्यंत. नोंदीत सोयीसाठी सोम, मंगळ, बुध असंच लिहिलं आहे. अक्षरांत सोन्याचा मुलामा होता. तो आता सोम, शनि आणि रविवरच दिसतो. शेपटीवरचा (पातं आणि सांधा यांमधल्या भागावरचा) शिक्का झिजलेला: ‘आसिये फोंद्यू’, म्हणजे मुशीत वितळवून ओतलेलं पोलाद, आणि त्याखाली तिएर या गावाचं नाव. कारागिराचं नाव पुसलं गेलं आहे. पाती अर्धपोकळ, म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडी आत वाकलेली घासलेली, मुठी हस्तिदंती, मुठीच्या टोकाशी तिच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवलेली पाचर शिशाची. एकूण घडण पाहता एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध.

मापं पात्याच्या मध्यावर घेतली. आधी पाठीची जाडी, मग पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये:

सोम ५.१ / १८.२
मंगळ ५.१ / १८.०
बुध ५.० / १७.१
गुरू ४.७ / १७.६
शुक्र ५.० / १७.४
शनि ५.१ / १८.३
रवि ५.२ / १८.६

रवि सगळ्यात कमी वापरलेला. ६/८ इंच म्हणजे १९.०५ मिमी, सगळी पाती मुळात त्याच मापाची असणार.

ही मापं नुसती कागदोपत्री नाहीत. वस्तऱ्याचा कोन हाताने ठरत नाही. दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकतात, त्यामुळे जाडी आणि रुंदी मिळून कोन ठरवतात. जाडीच्या निम्म्याला रुंदीने भागायचं, त्याचा व्यस्त साइन काढायचा आणि दुप्पट करायची. सोम १६.१ अंश, बुध १६.८, रवि १६.१. गुरू मात्र १५.३. सर्वसाधारणपणे १६ ते १९ च्या दरम्यान धार नीट चालते. त्याखाली गेली की पोलाद कितीही चांगलं असलं तरी कड भुरभुरते. गुरूच्या पाठीवर दोन्ही बाजूंना २.८ मिमी रुंदीचा सपाट पट्टा पडला आहे. कोणीतरी जोर लावून, भरड दगडावर, वर्षानुवर्षं घासलेला दिसतो.

४ नोव्हेंबर – गंज कुठे आणि का

सातही पाती खाचांच्या क्रमाने मांडली. सोम आणि मंगळवर तांबूस फिकट डाग, शनि आणि रविवर नखाएवढे ठिपके. बुध, गुरू, शुक्र मात्र खोलवर खाल्लेले, तेही मुठीत बंद राहणाऱ्या भागात जास्त. दमटपणामुळे गंज चढला असता तर तो सातांवर सारखा दिसला असता. मधल्या तिघांवरच जोर असेल तर कारण मध्येच शोधायला हवं.

कारण गुरूच्या मुठीत आहे. ती हस्तिदंती नाही, नंतर बसवलेली सेल्युलॉइडची आहे. लांबून फरक कळत नाही. भिंगाखाली दोन्ही ठेवल्या की लगेच कळतो: सेल्युलॉइडवरच्या रेषा सरळ, समांतर आणि मोजून मारल्यासारख्या सारख्या अंतरावर, खऱ्या हस्तिदंताच्या लांबीत रेषा वेड्यावाकड्या जातात आणि मुठीच्या आडव्या कडेवर एकमेकींना छेदणारी बारीक जाळी दिसते. हाडात यातलं काहीच नसतं, तिथे रक्तवाहिन्यांच्या नळ्यांचे काळपट ठिपके आणि बारीक चिरा असतात. सेल्युलॉइड बोटाने जोरात चोळलं की कापराचा वास येतो. इथे आला.

तापलेली सुई टोचून ओळखण्याची पद्धत अजूनही सुचवली जाते. ती वापरू नये. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर, ते भडकतं. आणि हस्तिदंत असेल तर त्यावर कायमचा काळा ठिपका राहतो.

जुनं होताना सेल्युलॉइड नायट्रोजनची आम्लधर्मी वाफ सोडतं. ओलसर हवेत तिचं नायट्रिक आम्ल होतं, ते आधी मुठीत मिटलेल्या पात्याला खातं, मग शेजारच्यांना. मुठीच्या आतल्या बाजूला पिवळट-तपकिरी पट्टे आणि जाळीदार तडे दिसतात. ऊर्ध्वपातित पाण्यात ओला केलेला पीएच कागद आत दाबला तर तो ३ च्या आसपास रंग दाखवतो. गुरूला त्याच क्षणी पेटीबाहेर काढला.

६ नोव्हेंबर – मर्यादा

काढलेलं पोलाद परत येत नाही. संचात ही गोष्ट जास्तच जाचक ठरते, कारण सहा पाती आरशासारखी आणि सातवं खड्ड्यांचं असलं की संच मोडतो. म्हणून चकाकीची पातळी सगळ्यात वाईट पात्यावरून ठरवायची: बुध, गुरू, शुक्र जिथवर सुरक्षितपणे येतील तिथवरच बाकीचे. म्हणजे मंद, रेशमी पॉलिश. काळे डाग राहिले तर राहू द्यायचे. तांबडा गंज जिवंत असतो आणि पुढे खात जातो. काळा ऑक्साइडचा थर बसलेला असतो आणि पोलादाला थोडंफार झाकतोच.

पाठीला पॉलिश पेपर लावायचा नाही. वारांची अक्षरं उथळ आहेत, आणि पाठीची जाडी कमी झाली की कोनही बिघडतो.

मोटारीवरचं पॉलिशचं चाक नाही. धारेजवळचा पातळ भाग क्षणात तापतो. पोलादावर गवती पिवळा रंग चढला म्हणजे साधारण २२० अंश सेल्सिअस गाठले गेले. तेवढ्या जागचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं आणि तिथे धार पुन्हा टिकणार नाही. रंग पुसता येतो, उतरलेलं पाणी परत चढत नाही.

गंज विरघळवणारी रसायनंही नाहीत, व्हिनेगरही नाही. पातं राखाडी, निर्जीव दिसू लागतं आणि मुलाम्याखालचा गंज निघाला की सोनं त्याच्यासोबतच सुटतं.

सोम, मंगळ, शनि, रवि यांच्या रिव्हेटना हात लावायचा नाही. जुना हस्तिदंत भोकाभोवती आधीच ताणलेला असतो. रिव्हेट काढताना गेलेला तडा भरून येत नाही. बुध आणि शुक्र उघडावे लागतील, कारण गंज रिव्हेटखाली शिरला आहे. गुरू तर उघडायचाच आहे.

८ नोव्हेंबर – हस्तिदंत

कापसाची काडी ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून, पिळून, जेमतेम ओलसर. एका वेळी दोन सेंटिमीटर, लगेच कोरड्या कापडाने टिपायचं. बुडवायचं नाही: हस्तिदंत पाणी पितो, फुगतो आणि सुकताना तडकतो किंवा पीळ खातो. ब्लीच नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही. पिवळेपणा हा वयाचा रंग आहे, मळ नाही. बुधच्या मुठीवर जुन्या तेलाचा डाग आहे. तो आत मुरला आहे, तसाच ठेवला.

पाचरींवर पांढरी पूड. ओकच्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं असंच फुलतं. ही पूड विषारी आहे. कोरड्या ब्रशने उडवायची नाही. हातमोजे घालून, व्हाइट स्पिरिटमध्ये ओलावलेल्या काडीने उचलायची आणि काड्या बंद पिशवीत टाकायच्या. मंगळची पाचर फुगून मुठीच्या दोन पट्ट्यांना किंचित फाकवते आहे, पण तडा नाही. पट्ट्यांमधलं अंतर टोकाशी ३.१ मिमी. लिहून ठेवलं, पुढे वाढलं तर कळेल.

१० नोव्हेंबर – चार बरी पाती

पातं उघडून मुठीला पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळली, सांध्यापाशी दोन वेढे जास्त. तेल सांध्यातून केशाकर्षणाने मुठीत चढतं आणि हस्तिदंतावर डाग पाडतं, बुधवर पडला आहे तसाच.

पात्यावर पातळ मिनरल ऑइल लावून एक रात्र. दुसऱ्या दिवशी एकधारी ब्लेड जवळजवळ आडवं धरून तांबडा गंज खरवडला. ब्लेडचा कोन २० अंशांवर गेला की ते गंजासोबत पोलादही ओढतं. हलका हात, भरपूर तेल. मग ०००० नंबरचं स्टील वूल, तेल लावूनच.

पातं हवेत धरून घासायचं नाही. खाली बुचाचा ठोकळा, त्यावर पातं सपाट, धार ठोकळ्याच्या आत. हात नेहमी पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या पुढे निघून जाणारा. उलटा हात फिरला तर बोट कापतं किंवा धार वाकते, बहुतेक वेळा दोन्ही. शेवटी १५०० आणि २००० चा वॉटर पेपर तेलात भिजवून, तोही त्याच दिशेने.

या दिशेला सुरक्षिततेपलीकडेही कारण आहे. भिंगाखाली मूळ घासकामाच्या रेषा पाठीकडून धारेकडे जाताना दिसतात, कारण पातं फिरत्या दगडावर आडवं टेकवून लांबीने सरकवलेलं असतं. तिएरमध्ये द्यूरोल नदीच्या पाण्यावर हे दगड फिरत. घासणारे कारागीर दगडांवर टाकलेल्या फळ्यांवर पालथे झोपून काम करत आणि थंडीत पायांवर कुत्री बसवून घेत. त्यांना ‘पिवळ्या पोटांचे’ म्हणत, दगडाच्या पिवळ्या चिखलामुळे. आपल्या रेषा त्यांच्या रेषांना समांतर गेल्या की डोळ्याला खटकत नाहीत. आडव्या गेल्या की कितीही बारीक कागद वापरा, पातं घासलेलं दिसतंच.

मुलामा असलेल्या अक्षरांवर फक्त व्हाइट स्पिरिटची काडी टेकवायची, चोळायची नाही. मेटल पॉलिशच्या एका हातात तेवढं सोनं जातं.

१३ नोव्हेंबर – बुध, गुरू, शुक्र उघडले

रिव्हेटचं ठोकून गोल केलेलं डोकं सपाट करायचं, मग तार बाहेर ढकलायची. ०.१ मिमी पितळी पत्र्याला भोक पाडून तो रिव्हेटवर चढवला, म्हणजे कानस घसरली तरी हस्तिदंतावर ओरखडा नाही. डोकं घासत गेलं की तारेभोवती बारीक काळं वर्तुळ दिसतं; तिथे थांबायचं. चकती आपोआप सुटते.

तार १.६ मिमी, ती ढकलायचा पंच १.४ मिमी. खाली भोक पाडलेला कठीण लाकडी ठोकळा. पट्टीला भोकाच्या अगदी कडेपर्यंत आधार हवा, नाहीतर पहिल्याच ठोक्याला ती आतून फुटते. बुधची तार गंजून भोकात घट्ट बसली होती. तिच्या मध्यावर १ मिमीचं ड्रिल हाताने फिरवून पोकळ केली, मग भिंत आत दबली आणि तार निघाली. इथे यंत्राचं ड्रिल लावू नये. तारेपेक्षा हस्तिदंत मऊ, ड्रिल तिकडेच पळतं.

बुध आणि शुक्रच्या पट्ट्या, पाचरी आणि चकत्या डावी-उजवी खूण करून वेगवेगळ्या पाकिटांत. दोन्ही पट्ट्या सारख्या दिसतात, पण भोकं हाताने पाडलेली असतात. अदलाबदल झाली की पातं मध्यावर मिटत नाही.

१६ नोव्हेंबर – तीन वाईट पाती

६०० पासून सुरुवात, मग ८००, १०००, १५००, २०००. पोकळ भागाला बोटाने कागद दाबला तर दाब मध्यावर येतो आणि लाटा उठतात. बूच त्या वक्राला जुळेल असा कापून त्यावर कागद गुंडाळला. प्रत्येक टप्प्यात आधीच्या रेषा पूर्ण जाईपर्यंत पुढे जायचं नाही, कारण ६०० ची एक रेषा २००० मध्ये जास्तच उठून दिसते.

खड्ड्यांचा तळ गाठेपर्यंत घासायचा मोह इथे होतो. बुधवर सर्वांत खोल खड्डा अंदाजे ०.१५ मिमीचा, तोही अशा जागी जिथे पातं एकूणच पातळ आहे. दोन्ही बाजूंनी तेवढं काढलं तर पातं धारेजवळ लुळं पडेल. खड्डे राहिले. टूथपिकने त्यांतला तांबडा गंज तेलात भिजवून उकरला, काळा तळ तसाच.

नखावर पातं छेडून तिघांचाही आवाज ऐकला. स्वच्छ, लांबणारा नाद. तडा असला की आवाज बसतो.

शुक्रच्या धारेपासून २ मिमीच्या आत काळ्या ठिपक्यांची रांग आहे. धार लावताना त्रास देणार.

२२ नोव्हेंबर – गुरूसाठी हाडाच्या पट्ट्या

हस्तिदंताला हस्तिदंत, हा विचार बाजूला. आफ्रिकी हत्ती १९८९ मध्ये साइटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात गेला. जुना संच सीमेपलीकडे न्यायचा असला तरी कागदपत्रं लागतात, आणि त्यात नव्याने कापलेला तुकडा घुसवला तर सगळ्याच संचाच्या वयाबद्दल शंका उभी राहते. शिवाय बदललेला भाग ओळखू यावा. हाड रंगाने जवळ जातं आणि भिंगाखाली लगेच आपली ओळख देतं.

बैलाच्या नडगीचे चरबी काढलेले दोन तुकडे, १६० × २४ × ३.२ मिमी. चरबी राहिलेलं हाड काही महिन्यांत पिवळे, पारदर्शक डाग दाखवतं. हाड उकळायचं नाही. ते ठिसूळ होतं.

दोन्ही तुकडे दुहेरी टेपने एकमेकांना चिकटवले, सोमची मूठ न उघडता त्यावर ठेवून पेन्सिलीने आकार घेतला. फ्रेट सॉने रेषेबाहेर १ मिमी सोडून कापलं, पुढचं कानशीने. भोकं १.६ मिमी, दोन्ही तुकडे चिकटलेले असतानाच पाडायची म्हणजे समोरासमोर येतात. बाहेरची बाजू किंचित फुगीर, कडेला २ मिमी, मध्यावर २.५. घासणं सगळं ओलं आणि मास्क लावून. हाडाची धूळ फुप्फुसांना वाईट, आणि वासही काही सुखद नसतो.

पाचरही हाडाची. शिशाने मुठीला वजन येतं आणि तोल मागे राहतो, हे खरं. पण तेच शिसं पुन्हा फुलणार. गुरूचा तोल बाकीच्यांपेक्षा थोडा पुढे सरकेल, हातात घेतल्यावर जाणवेल.

या छोट्या तुकड्यावर सगळी मूठ अवलंबून असते. पाचरीचा उतार चुकला तर पट्ट्या पात्याला चिमटतात किंवा सांध्यापाशी सैल राहतात, आणि एका बाजूला जाड झाली तर मिटताना धार पट्टीवर आपटते. टोकाशी २.९ मिमी, आतल्या कडेला १.६. रिव्हेट ठोकण्याआधी एम १.४ च्या बारीक बोल्टने सगळं तात्पुरतं जोडून पातं मिटून पाहायचं. पातं उजवीकडे झुकत होतं. पाचरीची डावी बाजू कागदावर दोन-तीनदा ओढली, मध्यावर आलं.

२७ नोव्हेंबर – जोडणी

निकेल सिल्व्हरची १.६ मिमी तार, बाहेर घुमटाकार चकत्या, आत शेपटीच्या दोन्ही बाजूंना पातळ पितळी चकत्या. आधी पाचरीकडचा रिव्हेट, मग सांध्याचा.

तार चकतीबाहेर दोन्ही बाजूंना ०.८ मिमी, म्हणजे व्यासाच्या निम्मी. जास्त ठेवली तर डोकं होण्याआधी ती आत वाकते आणि मग पातं अडखळत उघडतं. कमी ठेवली तर डोकं धरतच नाही. टोकं कानशीने अगदी सपाट. छोटी, गोल तोंडाची हातोडी, खाली पोलादी ऐरण. जोराचे ठोके नाहीत, टकटक एवढेच. तारेच्या मध्यावर नाही, कडेवर, गोल फिरत. दर आठ-दहा ठोक्यांनी वस्तरा उलटायचा. सांधा घट्ट होऊ लागला की प्रत्येक ठोक्यानंतर पातं फिरवून पाहायचं. पातं कुठल्याही कोनात ठेवलं तर तिथेच थांबावं आणि एका बोटाने हलावं. त्यापुढचा एक ठोकाही हाडाला भोकापासून उभा तडा देऊ शकतो.

बुध आणि शुक्र त्यांच्याच जुन्या पट्ट्यांत, त्यांच्याच शिशाच्या पाचरींसह परत बसवले. पाचरींना मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात.

३० नोव्हेंबर – धारेची रेषा

बुधच्या टाचेपासून (धारेच्या मुठीकडच्या टोकापासून) एक तृतीयांशावर ०.६ मिमीचा तुकडा उडालेला. मंगळची धार मध्यावर ०.३ मिमी आत गेलेली. दोन्ही पाती दगडावर उभी धरून, धार खाली, ब्रेड कापावा तशी ओढायची. ६०० चा दगड, वजन पात्याचंच. रेषा पट्टीला जुळली की थांबायचं. धार पूर्ण बोथट होते, ती व्हायलाच हवी. तिरक्या कोनात घासत तुकड्यापर्यंत पोचण्याच्या पद्धतीत पाठ फुकट झिजते.

बुधची रुंदी १६.५ झाली, कोन १७.४ अंश. चालेल, उलट थोडी दणकट धार.

रविची धार मुळातच बाहेरून किंचित फुगीर आहे. हा दोष नाही; सरळ केली नाही.

२ डिसेंबर – बेव्हल

सगळं काम इथे ठरतं. बेव्हल, म्हणजे धारेलगतचा दगडाने घासलेला तिरका पट्टा, नीट बसला नसेल तर पुढचे बारीक दगड त्या चुकीला फक्त चकाकी देतात.

१००० चा दगड डायमंड प्लेटवर सपाट केला: पेन्सिलीने जाळी काढायची आणि ती पूर्ण पुसली जाईपर्यंत घासायचं. सगळ्या पाठींवर इलेक्ट्रिकल टेपचा एक थर, ०.१५ मिमीचा. बाकीच्यांसाठी तो पाठ आणि अक्षरं वाचवण्यापुरता. गुरूसाठी तो गरजेचा आहे: दोन्ही बाजूंचे ०.१५ धरून जाडी ५.० होते आणि कोन १५.३ वरून १६.३ वर येतो. दगड बदलताना टेपही बदलायची, नाहीतर झिजलेल्या टेपमुळे प्रत्येक दगडावर कोन वेगळा होतो. आणि एकदा टेप लावून बेव्हल बसवला की शेवटच्या दगडापर्यंत टेप राहिलीच पाहिजे.

बेव्हलवर काळा मार्कर फिरवून हलके हात दिले. शाई धारेच्या अगदी टोकापर्यंत पुसली जायला हवी. मंगळवर टाचेकडे शाई राहत होती, कारण टाचेमागचा जाड खांदा दगडावर चढत होता. पातं ७ मिमी पुढे सरकवून खांदा दगडाबाहेर ठेवला, शाई गेली. खांदा दगडावर चढू दिला की टाचेला हुकासारखा आकडा तयार होतो, आणि तो आकडा दाढीत गाल फाडतो.

रविच्या फुगीर धारेला सरळ हात चालत नाही. टाचेकडून सुरू करून ओढताना दाब हळूहळू टोकाकडे न्यायचा, पातं किंचित डोलवत.

बेव्हल बसल्याची खूण: हाताच्या कातडीपासून वर धरलेलं पातं केस कापतं, पूर्ण लांबीवर सारखं. सहा वस्तरे इथवर आले.

४ डिसेंबर – शुक्र

आला नाही. टोकापासून २० मिमीवर एक काळा बिंदू धारेत उघडतो. दहापट भिंगाखाली तिथे बेव्हलच्या मधोमध पोकळी दिसते. वरून पोलाद आहे, आत गंजाने पोखरलेलं. धार उभी धरून ०.२ मिमी काढली. तो बिंदू गेला, शेजारी दोन नवे उघडले. १६ तारखेला दिसलेली ठिपक्यांची रांग तीच.

रांग धारेपासून २ मिमीपर्यंत जाते. ती सगळी काढायची तर रुंदी १५.४ पर्यंत येईल, टेपशिवाय कोन १८.७. आकड्यांत हे बसतं. पण त्यापुढचं पोलादही पोखरलेलं नाही याची खात्री भिंग देत नाही, आणि बाकी सहांशेजारी इतकं अरुंद पातं ठेवणं म्हणजे संचाचा बळी देणं. शुक्रची धार १००० वर बोथट करून थांबवली. दाढीसाठी नाही. पेटीतल्या कागदावर तसं स्पष्ट लिहिलं, म्हणजे पुढे कोणी हौसेने धार लावायला जाणार नाही.

७ डिसेंबर – बारीक दगड

३०००, ८०००, मग बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळा कोटिक्युल. पहिल्या दोन दगडांवर फार लिहिण्यासारखं नाही: दाब उतरवत जायचा, आधीच्या रेषा गेल्या की पुढे.

कोटिक्युलमध्ये गार्नेटचे बारीक कण असतात आणि ते दगडाच्या चिखलात जितके दाट, तितका कापण्याचा वेग जास्त. छोट्या तुकड्याने घासून दुधासारखा चिखल केला, सुरुवातीचे हात त्यात, मग दर थोड्या हातांनी दोन थेंब पाणी. शेवटचे हात स्वच्छ पाण्यात. चिखल घाईने पातळ केला तर ८००० ची रेषा खाली राहते. दाट चिखलातच थांबलं तर धार गुळगुळीत लागते पण केस ओढते. सोम, शनि आणि रविला शेवटी पाण्यापेक्षा साबणाचा पातळ फेस जास्त मानवला. त्यावर पातं तरंगतं, दगड कमी चावतो.

९ डिसेंबर – स्ट्रॉप आणि परीक्षा

स्ट्रॉप म्हणजे धार फिरवायचा पट्टा: लिननवर ३० हात, चामड्यावर ६०. पाठ पुढे, धार मागे, आणि वळताना पाठीवरच पलटायचं. पट्टा ताणून, सैल पट्टा धारेभोवती वळतो आणि तिला गोल करतो.

लोंबता केस सोम, शनि आणि रविवर टेकताच तुटला. बुध आणि मंगळवर तुटला, पण टाचेकडे आवाज करत. कोटिक्युलवर पाण्यात थोडे हात आणखी दिले, आवाज गेला. गुरू बरा आहे, पहिल्या प्रतीचा नाही. एवढी झिजलेली पाठ असताना याहून जास्त अपेक्षा नाही.

१४ डिसेंबर – पेटी

गुरूच्या खाचेतली मखमल बोट लावताच सुटते. पीएच कागद तिथे ४ दाखवतो, कडेच्या खाचांत ५.५. आम्ल कापडात आणि त्याखालच्या सरसात मुरलं आहे. मूळ अस्तर काढून नवं लावणं सोपं, पण मग पेटी जुनी राहत नाही. अस्तर ठेवलं, सुटलेल्या कडा सरसाने बसवल्या, आणि प्रत्येक खाचेत पॉलिएस्टर फिल्मची पन्हळ घातली, म्हणजे पोलाद कापडाला टेकत नाही. नेहमीची साठवण पेटीबाहेर, आम्लविरहित कागदात. पेटी दाखवण्यापुरती.

हवेचा प्रश्न खरा अवघड. पोलादाला कोरडी हवा हवी, हस्तिदंत मात्र ४० टक्क्यांखाली आर्द्रता गेली की तडकायला लागतो. दोघांना एकाच डब्यात खूश ठेवता येत नाही. आर्द्रता हस्तिदंताच्या बाजूने ठेवली, ४५ ते ५० टक्के, त्या टप्प्यासाठी तयार केलेल्या सिलिका जेलने. साधी निळी किंवा नारिंगी सिलिका हवा फार कोरडी करते. पोलादाचं रक्षण वरून: शुक्रवर मायक्रोक्रिस्टलाइन मेण, बाकी सहांवर कमेलिया तेलाचा पुसून घेतलेला हात. सांध्यात तेलाचा एकच थेंब, टाचणीच्या टोकाने.

गुरूच्या सेल्युलॉइड पट्ट्या टाकल्या नाहीत, त्याही संचाच्या इतिहासात येतात. कागदी पाकिटात, हवा खेळती राहील असं, धातूपासून आणि उष्णतेपासून दूर. बंद प्लॅस्टिक पिशवीत ठेवलं तर स्वतःच्याच वाफेत त्या आणखी लवकर सडतात.

१८ जानेवारी – तपासणी

बुधच्या सांध्यापाशी एका खड्ड्यात तांबडा ठिपका. टूथपिक आणि तेलाने काढला, मेण भरलं. मंगळच्या पाचरीपाशी अंतर ३.१, बदल नाही. पाचरींवर नवी पूड नाही. गुरूच्या हाडाच्या पट्ट्या सरळ, भोकांशी तडे नाहीत, पण सांधा किंचित सैल झाला आहे. हाड नव्याने बसताना हे होतं. ऐरणीवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन हलके ठोके, पातं पुन्हा आपल्या जागी थांबतं. पुढची तपासणी एप्रिलमध्ये, बुध आधी.